बागेंतील जीवजंतूंची पाहणी

रोहिणी नक्षत्र सरत आलें कीं बागाइताचें मन आकाशाकडे लागतें आणि हात अवजारांकडे जातो. आळीं मोकळीं करणें, वाफे बांधणें, बियाणें निवडणें हीं कामें चालू असतांच दुकानांतून औषधांच्या बाटल्या आणून ठेवण्याची रीतही आतां पडून गेली आहे. कीड दिसण्यापूर्वींच तिला मारण्याची तयारी आपण करतों; परंतु ती कीड कोणती, ती काय खाते आणि तिला कोण खातें, हें पाहण्याची तयारी क्वचितच करतों. ज्यास आपण औषध म्हणतों तें विष आहे, आणि विषास शत्रु-मित्र कळत नाहींत. तें कळणें हें बागाइताचें काम आहे. तें कसें कळावें, एवढाच या लेखाचा विषय आहे.

महसुली दप्तरांत पीकपाहणीचा एक नियम आम्हांस नोकरीच्या आरंभींच शिकविला गेला होता. शेतांत पाऊल टाकल्यावांचून पिकाची नोंद करावयाची नाहीं. चावडींत बसून भरलेली पाहणी खोटी समजावयाची. लोकांच्या पिकांबाबत आम्हीं हा नियम पाळला. आमच्या स्वतःच्या बागेंतील जीवांबाबत मात्र तो मोडला, आणि त्याचा दंडही भरला. ती हकीकत प्रथम सांगतों.

आमची बाग पुरंदर तालुक्यांत कऱ्हा नदीच्या बाजूस आहे. जमीन बारा गुंठे, मध्यें विहीर, बांधावर निंब आणि बाभळी, आंत सीताफळें, लिंबें, पपई आणि हंगामाप्रमाणें भाजीपाला. सहा वर्षांपूर्वीं भाद्रपदांत लाल भोपळ्याच्या अठरा वेली ऐन फुलोऱ्यांत आल्या असतां पानांखालीं मावा दिसला. त्या माव्यांत काळ्या अंगावर पिंवळे ठिपके असलेल्या, सुसरीच्या आकाराच्या बारीक अळ्याही फिरतांना दिसल्या. ही दुसरी कीड आली, असें आम्हीं ठरविलें आणि सकाळीं सात वाजतां पंप भरून सर्व वेलींवर फवारा मारला. दुपारीं वेलींखालीं मेलेल्या मधमाशा पडलेल्या दिसल्या. त्याचें आम्हांस तेव्हां विशेष वाटलें नाहीं. पुढील आठवड्यांत पोरवयाचे भोपळे पिंवळे पडून एकामागून एक गळूं लागले. आदल्या वर्षीं ज्या वेलींनीं साठ भोपळे दिले होते त्यांनीं त्या वर्षीं अकरा दिले. शिवाय वीस दिवसांनीं मावा पुन्हां आला, तो पहिल्यापेक्षां दाट.

विहिरीपलीकडील एक वृद्ध बागाईत आमच्याकडे येऊन बसले. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि इतकेंच विचारलें, “भाऊसाहेब, पानाखालचा मावा बगितला, ते बरं केलं. पर फुलावर कोन बसलं हुतं, ते बगितलं का?”

आम्हीं तें पाहिलें नव्हतें. त्या अळ्याही कोणत्या हें पाहिलें नव्हतें. त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. ढालकिडा म्हणजे तांबड्या पाठीवर काळे ठिपके असलेला, अर्ध्या वाटाण्याएवढा किडा. तो बहुतेकांस ठाऊक असतो. परंतु त्याची अळी त्याच्यासारखी मुळींच दिसत नाहीं, म्हणून ती शत्रु समजून मारली जाते. एक अळी वाढ पुरी होईपर्यंत शेंकडों मावा खाते. म्हणजे आमच्या बागेंत काम करणारे फुकटचे मजूर आम्हीं पैसे खर्चून मारले, आणि जो मावा वांचला त्यास मोकळें रान करून दिलें. त्या दिवसापासून आम्हीं एक वही घातली. सहा वर्षांत त्या वहींत जें जमलें, त्यांतील उपयोगाचा भाग येथें नक्षत्रांच्या क्रमानें देत आहों.

मृग आणि आर्द्रा

मृगाचा पहिला पाऊस पडून जमीन भिजली कीं लाल मखमलीसारखे किडे मातीवर चालूं लागतात. मुलें त्यांना काड्यापेटींत भरतात. हे खरोखरी किडे नव्हेत. त्यांना आठ पाय असतात, व ते कोळी-गोचिडांच्या गणांतील आहेत. मोठेपणीं ते जमिनींतील इतर कीटकांचीं अंडीं खातात, आणि लहानपणीं नाकतोड्यांसारख्यांच्या अंगास चिकटून त्यांवर जगतात. पिकाचें ते कांहींच खात नाहींत. आमच्या वहींत त्यांची नोंद जमेच्या बाजूस आहे.

त्याच सुमारास हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमिनींतून निघतात. हे मात्र खर्चाच्या बाजूचे. दिवस मावळल्यावर ते निंबावर व बाभळीवर जमतात, पाला खातात, तेथेंच त्यांचें मीलन होतें, आणि पहांटेच्या आंत ते परत मातींत शिरतात. एक मादी पन्नासांच्या आसपास अंडीं घालते. त्यांतून निघालेली पांढरी, वांकडी अळी पावसाळाभर मुळें खाते. ऊंस, भुईमूग व भाजीपाला उभाच्या उभा वाळतो. हुमणीची पिढी वर्षांतून एकच होते. म्हणून पहिल्या पावसानंतरच्या चार-सहा रात्रीं हातच्या गेल्या तर पुढें वर्षभर मुळांशीं विष ओतूनही पुरें पडत नाहीं. संध्याकाळीं सात ते नऊपर्यंत झाडाखालीं कापड पसरून फांद्या हलवाव्या, आणि पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यांत टाकावे. एकट्यानें केल्यास शेजाऱ्याच्या निंबावरील भुंगेरे आपल्या वावरांत अंडीं घालावयास येतात. यासाठीं सर्व शिवारानें हें काम एकाच रात्रीं करावें. आपल्या संस्थेच्या सभासदांनीं हें मनावर घेतल्यास एका पैशाचें विष न लागतां मोठें काम होईल.

या कामीं साहाय्यक म्हणजे भेक आणि बेडूक. कंदिलाखालीं बसून आमच्या बागेंतील एक थोराड भेक एका रात्रींत भुंगेऱ्यांमागून भुंगेरे गिळतांना आम्हीं पाहिला आहे. परदेशीं खाण्यासाठीं बेडकांच्या तंगड्या धाडण्याचा व्यापार आपल्या देशांत पुष्कळ वर्षें चालला होता. बेडूक कमी होऊन कीड वाढेल, या धास्तीनें ओरड झाली आणि १९८७ सालीं ती निर्यात बंद करण्यांत आली. बेडूक डबक्यांत व पाटांत अंडीं घालतात. फवाऱ्याचा पंप धुतलेलें पाणी अशा ठिकाणीं ओतल्यास पुढील वर्षाचे बेडूक अंड्यांतच मरतात. आम्ही तें पाणी आतां पाण्यापासून दूर, पडीक जमिनींत टाकतों.

सीताफळाचा फुलोरा या दिवसांत चालू असतो, म्हणून त्याविषयीं येथेंच सांगितलें पाहिजे. सीताफळाचें फूल खालीं मान घालून असतें, पाकळ्या जाड असतात, आणि मधमाशी त्याकडे सहसा फिरकत नाहीं. फूल उमलतांना त्यांतील स्त्रीकेसर आधीं तयार होतो. पराग मागाहून सुटतो. म्हणून एका फुलाचा पराग त्याच फुलास बहुधा कामास येत नाहीं. जुन्या फुलांतील पराग नव्या फुलांत नेण्याचें काम पिकल्या फळांच्या वासावर येणारे अगदीं बारीक भुंगेरे करतात. पाकळ्या हलकेच उघडून पाहिल्यास ते मोहरीच्या दाण्यासारखे आंत बसलेले सांपडतात. त्यांना कीड समजून फुलोऱ्यांत फवारा मारला तर फळ धरत नाहीं, धरलें तरी वेडेंवांकडें होतें. ज्यांच्या बागेंत फुलें पुष्कळ आणि फळें थोडीं असतील त्यांनीं विषाची मात्रा वाढविण्यापूर्वीं फुलें उघडून पाहावीं. ज्यांस वेळ आहे त्यांनीं सकाळीं कुंचल्यानें पराग लावूनही अनुभव घ्यावा.

पुनर्वसु ते मघा

लिंबाच्या कोंवळ्या फुटीवर या दिवसांत पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी आढळते. ती काळ्या-पिंवळ्या ठिपक्यांच्या फुलपांखराची होय. मोठी झाल्यावर ती हिरवी होते, आणि डिवचल्यास डोक्यामागून तांबडीं शिंगें काढून उग्र वास सोडते. लहान रोपांस हिच्यापासून खरा धोका असतो. चार अळ्या एका रोपाचीं पानें दोन दिवसांत संपवितात. अशा वेळीं हातानें वेंचणें हाच सोपा उपाय आहे. परंतु पांच-सात वर्षांच्या झाडास थोडी पानें गेल्यानें कांहींच होत नाहीं. अशा झाडावर आम्ही अळ्या राहूं देतों, कारण त्यांच्या अंड्यांवर व अंगावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाशा तेथेंच वाढतात व पुढें रोपांच्या उपयोगी पडतात.

झड लागली कीं गोगलगायी निघतात. यांत दोन जाती ओळखाव्या. आपल्याकडील लहान गोगलगायींना काजव्यांच्या अळ्या खातात. ज्या बांधावर काजवे चमकतात त्या बांधास विष लावूं नये. मोठ्या शंखाची, मुठीएवढी होणारी जात ही आफ्रिकेंतील आहे. ती १८४७ सालीं कलकत्त्यास आणली गेली आणि तेथून देशभर पसरली. २०२२ च्या पावसाळ्यांत मराठवाड्यांत हिनें सोयाबीनचीं कोंवळीं रोपें खाऊन कित्येकांस दुबार पेरणी करावयास लाविलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेल. हिला आवरण्यास बांधालगत ओलीं गोणपाटें टाकून ठेवावीं. पहांटे त्यांखालीं त्या गोळा होतात. त्या वेंचून मिठाच्या पाण्यांत बुडवाव्या. मीठ शेतांत टाकूं नये, जमीन नासते.

पूर्वा, उत्तरा आणि हस्त

हा वेलींचा काळ. वेलींवर नर आणि मादी फुलें निराळीं असतात. मादी फुलाच्या देंठाशीं इवलेंसें फळ असतें. पराग पोंचला नाहीं तर तें फळ गळतें. आतां फुलें कोणत्या वेळीं उमलतात हें पाहा. लाल भोपळ्याचें फूल पहांटे उमलून दुपारपर्यंत मिटतें. कारल्याचें व घोसाळ्याचेंही सकाळचें. दोडक्याचें फूल दिवस कलल्यावर आणि दुध्याचें संध्याकाळीं उमलतें. दुध्याच्या पांढऱ्या फुलावर रात्रीं पतंग येतात. म्हणजे भोपळ्यावर सकाळीं फवारणें हें मधमाशीच्या जेवणांत विष कालविण्यासारखें आहे. फवाऱ्याखेरीज गत्यंतर नसेल तर भोपळ्यावर फुलें मिटल्यावर, सायंकाळीं फवारावें. दोडका-दुध्यास मात्र सायंकाळ वाईट. तेथें फुलें मिटलेलीं पाहूनच वेळ ठरवावी. ज्या दिवशीं मधमाशा दिसणार नाहींत त्या दिवशीं नर फूल खुडून त्याचा केसर मादी फुलास हातानें टेंकवावा. त्या अपयशाच्या वर्षीं आम्हांस मिळालेल्या अकरा भोपळ्यांपैकीं सात याच रीतीनें धरले होते.

माव्याजवळ मुंग्यांची रांग दिसली तर ती अवश्य पाहावी. मावा गोड रस सोडतो. त्या लोभानें मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांस हुसकावून लावतात. मुंग्यांची वाट मोडली तर पुष्कळदां मावा आपोआप ओसरतो. झाडाच्या बुंध्यास चिकट पट्टा बांधणें यास उत्तम.

वेलींवरील फळमाशी ही मात्र दया करण्याजोगी नव्हे. ती कोंवळ्या फळास टोंचून आंत अंडीं घालते. फळ सडून पडतें, आणि अळ्या मातींत शिरून कोष करतात. सडकीं फळें बांधावर फेंकणें म्हणजे पुढील पिढी आपल्याच हातानें पेरणें होय. तीं रोज गोळा करून खोल पुरावीं, व कामगंध सापळे टांगावे.

चित्रा आणि स्वाती

पाऊस उघडला कीं कुंभारीण माशी मातीच्या गोळ्या आणून भिंतीवर व खांबावर मडकीं बांधते. आमच्या विहिरीच्या घरांतील तीं मडकीं आम्ही पूर्वीं खरवडून काढीत असूं. एकदां एक फोडून पाहिलें, तों आंत हिरव्या अळ्या निजवून ठेविलेल्या. माशीचें पिलूं अंड्यांतून निघून त्या खातें. त्या अळ्या आमच्याच भाजीवरील होत्या. तेव्हांपासून तीं मडकीं तशींच राहतात.

सीताफळावर व पपईवर पिठासारखा पांढरा थर याच दिवसांत दिसतो. तो पिठ्या ढेकूण. पपईवरील पिठ्या ढेकूण हा परदेशी. तो आपल्या देशांत २००८ सालीं कोइमतूरकडे आढळला आणि २०१० पर्यंत पुण्याकडेही पोंचला. अंगावरील मेणामुळें त्यास विष नीट लागत नाहीं. बागायतदारांनीं फवाऱ्यावर फवारे मारले आणि पपईच्या बागा तरीही गेल्या. शेवटीं २०१० सालीं पोर्तो रिको बेटावरून एक अतिशय बारीक गांधीलमाशी आणून, बंगळूर येथील सरकारी संस्थेंत वाढवून सोडण्यांत आली. ती या ढेकणाच्या अंगांत अंडीं घालते. थोड्याच महिन्यांत तो आटोक्यांत आला. ही माशी डोळ्यांस जेमतेम दिसते, आणि सर्वसाधारण विषानें प्रथम तीच मरते. म्हणून पिठ्या ढेकूण दिसल्यास पहिला उपाय पाण्याचा जोरदार फवारा आणि लागलेल्या फांद्या छाटणें हा. दुसरा निंबोळीचा अर्क. आणि उग्र विष सर्वांच्या शेवटीं.

हिवाळा

हरभऱ्याचा एक पट्टा आम्ही बागेंत पेरतों. घाटे अळीसाठीं त्यांत काठ्यांचे आडवे पक्षीथांबे उभारले, एकरीं वीस या मानानें, तर कोतवाल त्यांवर बसून दिवसभर अळ्या व पतंग टिपतो. शेजारीं ज्वारी निसवली असल्यास दाणा भरतांना थांबे काढून घ्यावे. नाहीं तर दाणे खाणाऱ्या पांखरांचीही सोय होते.

याच ऋतूंत उंदरांचा हिशेब करावा लागतो, आणि येथें आम्हांस आमची दुसरी चूक कबूल केली पाहिजे. विहिरीच्या दरडींत एक मोठी धामण राहत असे. गाईचें दूध पिते असें म्हणून गड्यांनीं ती मारली, आणि आम्हीं त्यांना अडविलें नाहीं. सापाच्या तोंडाची ठेवण दूध ओढून पिण्याजोगी नसते, आणि धामणीस विष नसतें. ती उंदीर खाते. त्या हिवाळ्यांत भुईमुगाच्या वाफ्यांत इतकीं बिळें झालीं कीं पाणी एका वाफ्यांतून दुसऱ्यांत पळूं लागलें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें धामणीस संरक्षणही आहे. अर्थात् नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें यांचा धोका खरा आहे. साप ओळखतां येत नसेल तर त्याच्याजवळ जाऊं नये, माहितगारास बोलवावें. आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे एक क्षणही न घालवितां माणसास दवाखान्यांत न्यावें.

गव्हाणी घुबडाचीही हीच कथा. अपशकुनी म्हणून त्यास दगड मारले जातात; पण रात्रभर तें उंदीरच शोधीत असतें. विष खाल्लेले उंदीर खाऊन घुबडें मरतात, म्हणून बिळांत विष ठेवण्यापेक्षां सापळे लावावे, आणि मेलेले उंदीर पुरावे.

उन्हाळा

फाल्गुनापासून पालापाचोळा जाळण्याची चाल आहे. ती सोडून द्यावी. सातभाई दिवसभर याच पाचोळ्यांत उकरून कीटक वेंचतात. ढालकिडे, कोळी व भेक यांना उन्हांत आसरा तोच. पाचोळा आळ्यांत घातल्यास ओल टिकते, हा लाभ वेगळाच. झाडांच्या सावलींत एखादें उथळ मडकें पाण्यानें भरून ठेवावें, त्यांत दोन खडे टाकावे, म्हणजे मधमाशाही बुडत नाहींत. वैशाखाच्या अखेरीस पावशा ओरडूं लागतो आणि शेतकरी त्याच्या शब्दांत ‘पेरते व्हा’ ऐकतो. हा पक्षी इतर पक्षी सहसा न खाणाऱ्या केसाळ अळ्या खातो, आणि आपलीं अंडीं सातभाईंच्या घरट्यांत घालतो. म्हणजे सातभाईंस थारा असेल तरच पावशासही थारा. आणि सातभाईंस थारा पाचोळ्यावर.

वही कशी ठेवावी

साधी वही घ्यावी आणि तींत चार रकाने आंखावे: पहिल्यांत नक्षत्र व तारीख, दुसऱ्यांत दिसलेला जीव, तिसऱ्यांत तो काय खात होता, चौथ्यांत त्यास कोणी खाल्लें. नांव ठाऊक नसेल तर रंग व आकार लिहावा. तिसरा रकाना रिकामा असेल तोंपर्यंत त्या जीवावर हात टाकूं नये, हा एकच नियम. रोज सकाळीं पाव घटका पुरे. वर्षाच्या शेवटीं पान उलटून पाहिलें तर कोण जमेचा आणि कोण खर्चाचा हें आपोआप दिसतें.

विष कधींच वापरूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. कीड खरी आहे आणि तिच्यापायीं पोटचें पीक जातें, हें आम्ही जाणतों. परंतु फवारा हा निकाल आहे, आणि निकाल पाहणीनंतर द्यावयाचा असतो. आमच्या वेलींनीं गेल्या वर्षीं चोपन्न भोपळे दिले. फवारा एकदांही लागला नाहीं. मावा आला होता. त्याची नोंद वहींत उत्तरा नक्षत्राखालीं आहे, आणि पुढच्या रकान्यांत ढालकिड्याचीही आहे.